इंदूरहून विंध्यात सायकल: जानापाव, जामगेट, पाताळपाणी, चोरल की मांडव?

इंदुरात रोड सायकल घेतलेला माणूस सुरुवातीला सुपर कॉरिडॉरवर फिरतो, मग बायपासवर जातो, आणि पाय तयार झाले की त्याला घाट हवा असतो. घाट जवळच आहेत. अडचण ट्रकची आहे. मुंबई, अहमदाबाद, खंडवा आणि बैतूल या चारही दिशांचे महामार्ग इंदुरात येऊन मिळतात, आणि पिथमपूरचे कारखाने त्या वाहतुकीत भर घालतात. त्यामुळे कुठला घाट देखणा, हा प्रश्न दुसरा. कुठल्या घाटात मागून सतत हॉर्न ऐकावा लागणार नाही, हा पहिला.

पूर्णपणे वाहनमुक्त असा डांबरी घाटरस्ता इंदूरच्या आसपास एकही नाही. पण वार, वेळ आणि ऋतू नीट निवडला तर बराच वेळ आपल्या चेनचा आवाज सोडून काही ऐकू येत नाही, असे रस्ते आहेत. ते ओळखायला एकच प्रश्न विचारायचा: हा रस्ता पुढे कुठे जातो? जो रस्ता टेकडीवर, धबधब्यापाशी किंवा किल्ल्यात जाऊन संपतो, त्यावर मालाची गाडी येत नाही. तिथे येतात ती सहलीची वाहनं, तीही रविवारी, सुट्टीच्या दिवशी, पाऊस पडून गेल्यावर आणि सकाळी नऊनंतर. जो रस्ता घाट उतरून पुढच्या तालुक्याला जातो, तिथे बस आणि टेंपो रोजच असतात. कमी असतील, पण असतातच. म्हणून संपणारा रस्ता आणि मधला वार ही जोडी सर्वांत शांत. मधल्या वारी, म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सुट्टी नसलेल्या माणसाला रविवारीच जायचं असेल, तर भरपावसात धबधब्याचे रस्ते सोडून द्यावेत, हे आधीच सांगतो.

घाई असेल त्यांच्यासाठी निकाल असा. पहिलाच चढ चढणार असाल तर जानापाव. ताकद आणि ब्रेक दोन्हींवर भरवसा असेल तर जामगेट. सोबत घरची मंडळी किंवा नवखा मित्र असेल तर महू-पाताळपाणी. दोन दिवस हाताशी असतील आणि हिवाळा असेल तर धारहून मांडव (मांडू). सिमरोल-चोरलचा खंडवा रस्ता सध्या यादीतून काढावा, का ते पुढे येईलच.

मालव्याच्या घाटांची उलटी रचना

पुण्या-नाशिकच्या सायकलस्वारांचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. तिकडे शहराच्या वरचे घाटही हाताशी असतात: आधी चढायचं, मग घराकडे उतरायचं. इंदूर स्वतःच पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर. विंध्याची कड दक्षिणेला आहे आणि ती ओलांडली की रस्ता निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. नर्मदेकाठचं मंडलेश्वर, महेश्वर १५० मीटरच्या आसपास. म्हणजे घाट आधी उतरायचा आणि ऊन चढल्यावर, पाय थकल्यावर, पाणी संपत आल्यावर तोच घाट चढायचा.

खाली हवाही जास्त तापलेली असते. साधारण दर हजार मीटर उतरलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी वाढतं, म्हणजे चारशे मीटरला अडीच अंश. मार्चनंतर हा फरक अंगाला जाणवतो. उतरताना मजा येते म्हणून माणूस ठरवल्यापेक्षा खाली जातो आणि परतीला अडकतो. या घाटांत फसणाऱ्यांपैकी बहुतेकांचं हेच होतं. त्यामुळे इथे किती अंतर जायचं हे न ठरवता किती वाजता परत फिरायचं हे ठरवावं. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठला घाटाच्या तळाशी असाल तर उशीर झालेला आहे.

जानापाव आणि मांडव हे या रचनेला अपवाद. दोन्ही पठाराच्या पातळीला किंवा त्याहून वर आहेत.

जानापाव: पहिला चढ इथेच चढा

उंची ८५४ मीटर. मालव्यातल्या सर्वांत उंच टेकड्यांपैकी एक. चंबळेचा उगम इथला. वर जमदग्नींचा आश्रम आणि परशुरामाचं देऊळ आहे. इंदूरहून अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास: राऊ, महू, मग मानपूरच्या दिशेने आग्रा-मुंबई रस्ता, आणि तिथून फाट्याने कुटी गावाकडे. डांबर थेट वरपर्यंत आहे आणि रस्ता देवळापाशी संपतो. त्यामुळे फाट्यापासून पुढे ट्रक नाही.

खरी अडचण फाट्यापर्यंतची आहे. महू सोडल्यावर काही अंतर चौपदरी महामार्गावरून जावं लागतं. हा जुना राष्ट्रीय महामार्ग ३, आताचा ५२. मुंबईचे कंटेनर इथूनच जातात. इथे पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे राहायचं, दोघांनी शेजारी-शेजारी चालवायचं नाही, आणि फाटा चुकला तर उलट्या दिशेने यायचा मोह टाळून दुभाजकातल्या पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून यायचं. उजेड नसताना हा टप्पा करू नये. डोळ्यांवर पेंग असलेले ड्रायव्हर पहाटे चार ते सहा या वेळात सर्वांत जास्त असतात. जूनमध्ये सूर्योदय पावणेसहाला होतो, जानेवारीत सात वाजून जातात. निघण्याची वेळ त्यावरून काढावी. ज्यांना महामार्ग अजिबात नको त्यांनी सायकल गाडीच्या कॅरियरवर कुटी फाट्यापर्यंत न्यावी आणि तिथून फक्त टेकडी करावी. यात कमीपणा काही नाही. तीन वेळा चढलात तर पायांना भरपूर काम होतं आणि ट्रकशी गाठ पडत नाही.

चढ आखूड आहे पण वरच्या टप्प्यात बोचतो. पहिल्या वळणापर्यंत लोक जोरात जातात आणि मधेच उतरून सायकल ढकलतात. फाट्यापासूनच हलका गिअर टाकून बोलता येईल इतक्याच दमाने सुरुवात करावी, आणि शेवटच्या टप्प्यासाठी एक गिअर राखून ठेवावा.

टाळायचे दिवस: कार्तिकी पौर्णिमेची जत्रा, अक्षय्य तृतीयेची परशुराम जयंती, आणि श्रावणातले रविवार. इतर मधल्या वारी सकाळी सातला वर फारसं कोणी नसतं. वर दुकान उघडं असेलच असं धरू नका. बाटल्या महूतच भरून घ्या.

जामगेट: या भागातला सर्वांत चांगला घाट, अटींसह

महूहून मंडलेश्वरकडे जाणारा हा रस्ता म्हणजे मालव्यातून निमाडात उतरायची होळकरांची जुनी वाट. कड्याच्या अगदी तोंडाशी अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ सालचा दगडी दरवाजा उभा आहे. राजधानी महेश्वरला आणि लष्कर-वसूल मालव्यात, असा कारभार ज्या रस्त्यावर चालला, तो हाच. इंदूरहून दरवाजा पन्नास किलोमीटरच्या आसपास, महूहून त्याच्या निम्मा. महेश्वरपर्यंत गेलं तर इंदूरहून एकेरी अंतर नव्वदच्या घरात जातं.

आमच्या मते रस्ता म्हणून हा जानापावपेक्षा सरस आहे. महू मागे टाकलं की वळणावळणाचा, चढउताराचा पठारी रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं, मग साग आणि पळसाचं रान, आणि अचानक समोर काही नाही: कडा संपतो आणि खाली निमाड दिसतो. जड ट्रकना जवळचा महामार्ग सोयीचा असल्याने ते इकडे सहसा वळत नाहीत. पण रस्ता संपत नाही, पुढे जातो. त्यामुळे महू-मंडलेश्वरची बस, टेंपो, दुचाकी दिवसभर थोड्याथोड्या चालू असतात. सकाळी साडेसहा ते साडेआठ ही सर्वांत मोकळी वेळ. जुलै ते सप्टेंबरचे शनिवार-रविवार मात्र विसरा: दरवाज्यापाशी गाड्या रस्त्यावरच लावलेल्या असतात, भुट्ट्याचे ठेले लागतात आणि ढग खाली आले की वीस मीटरच्या पुढचं दिसत नाही.

इथे दोन वेगवेगळ्या सहली आहेत आणि लोक त्या एकच समजतात. दरवाज्यापर्यंत जाऊन परत येणं ही पठारावरची सहल. इंदूरहून शंभर किलोमीटर, चढउतार मध्यम, कोणीही तयारीचा माणूस करू शकतो. दरवाज्यातून खाली उतरून परत चढणं हे वेगळं काम आहे.

हिशेब मांडून पाहू. मंडलेश्वरहून इंदूरच्या पातळीला यायलाच चारशे मीटर उंची कमवावी लागते, आणि कडा इंदूरपेक्षा उंच असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. सायकल आणि माणूस मिळून ८५ किलो धरा, चढ आठ टक्क्यांचा धरा. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे ३२ दात्यांचं मोठं दातेरी चाक असेल तर मिनिटाला साठ पायडल मारून वेग ताशी ८ किलोमीटर पडतो आणि त्याला सुमारे १६० वॅट लागतात. चारशे मीटर चढायला मग सदतीस-अडतीस मिनिटं. १२० वॅटच सोसत असतील तर पन्नास मिनिटं, आणि तेवढ्या हळू गतीला पायडल मिनिटाला पंचेचाळीसवर येतं. आता जुनी रेसिंग सायकल घ्या, पुढे ३९ आणि मागे २५. त्याच साठ पायडलला वेग ताशी पावणेबारा होतो आणि २३५ वॅट लागतात. इतकी ताकद पंचवीस मिनिटं टिकवणारे थोडेच. बाकीच्यांचं पायडल चाळीसच्या खाली जातं आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागला की समजावं, गिअर चुकीचा आहे. दम कमी पडला हे कारण नव्हे.

उलट, साध्या हायब्रिड सायकलला पुढे तीन चकत्या असतात, बहुधा ४२-३४-२४, आणि मागे १४ ते २८. तिचा सर्वांत हलका गिअर महागड्या रोड सायकलपेक्षाही हलका. जड असली तरी जामगेट चढायला ती चांगली. रोड सायकलवाल्यांनी निदान ११-३२ ची कॅसेट, म्हणजे ११ ते ३२ दात्यांच्या मागच्या चाकांचा संच, बसवावी. ११-३४ बसवायची तर मागच्या डिरेलरचा (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) पिंजरा लांब आहे का हे मेकॅनिककडून आधी पाहून घ्यावं, नाहीतर सर्वांत हलक्या गिअरला डिरेलरचं वरचं चाक दात्यांना घासतं. चेनची लांबीही त्याच वेळी तपासायची. मोठी चकती आणि मागचं मोठं चाक एकत्र टाकल्यावर चेन ताणून उभी राहत असेल तर ती आखूड आहे, आणि असा गिअर चुकून पडला तर डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो.

उतार आणि ब्रेक

जामगेटच्या उतरणीचा धोका वेगापेक्षा वळणांचा आहे. वळणं आखूड आहेत आणि आतल्या बाजूला मुरूम साचतो. ताशी ४० च्या वेगाने एका सेकंदात ११ मीटर निघून जातात. म्हणजे समोर बस दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत बसची लांबी संपलेली असते. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडलेला हवा. बाहेरच्या बाजूचं पायडल खाली, वजन त्यावर.

८५ किलो वजन चारशे मीटर खाली येताना ३३३ किलोज्यूल ऊर्जा सोडतं. एक लिटर साधं पाणी उकळीला आणायला लागते त्याहून थोडी जास्त. त्यातली काही हवा खाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर रबर दाबणारा) सतत हलका धरून ठेवला तर रिम तापते, आतल्या ट्यूबमधली हवा फुगते आणि ट्यूब रिम टेपच्या कडेला फुटते. म्हणून तीन-चार सेकंद दोन्ही ब्रेक जोरात दाबायचे, मग पूर्ण सोडायचे. कार्बनच्या रिम असतील तर ही उतरण करूच नये. डिस्क ब्रेकला रिम तापण्याची भीती नाही, पण नवीन पॅड आधी रुळवलेले हवेत: सपाटीवर ताशी पंचविसाच्या वेगावरून पंधरा-वीस वेळा थांबण्याच्या बेतापर्यंत आणायचं. न रुळवलेला पॅड तापला की चकचकीत होतो आणि मग किंचाळतो, धरत नाही.

पावसाळ्यात दगडाची बारीक कच ब्रेक शूमध्ये रुतते आणि अॅल्युमिनियमची रिम खरवडते. घाट उतरून झाल्यावर कर्रकर्र आवाज येत असेल तर तिथेच थांबून सुईने किंवा चाकूच्या टोकाने कण काढावेत. शूवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर शू बदलूनच निघावं. एका पावसाळ्यात शूची जोडी संपणं नेहमीचं आहे.

पाताळपाणी: सोपा, पण वार पाहून

महूहून सहा किलोमीटर. धबधबा तीनशे फुटांचा. रस्ता पठारावरचाच आहे, घाट नाही. त्यामुळे या तुलनेत चढ म्हणून त्याला गुण कमी आणि शांततेत, मधल्या वारी, भरपूर. सकाळी महूत पोहे-जिलबी खाऊन आरामात जाऊन येण्यासारखा. सायकल महूपर्यंत गाडीने नेली तर दहा-बारा वर्षांच्या मुलालाही जमतो.

होळकर संस्थानची रेल्वे इथूनच विंध्य उतरली. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचं कर्ज देऊन ती आणवली. पाताळपाणी ते कालाकुंड या टप्प्यात मीटरगेज दर चाळीस मीटरला एक मीटर अशा उताराने खाली जाते आणि २५ डिसेंबर २०१८ पासून त्यावर वारसा गाडी चालवली जाऊ लागली. सायकल घेऊन रुळांच्या कडेने कालाकुंडला उतरायचा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. तो सोडून द्या: पूल आहेत, बोगदे आहेत, बाजूला सरकायला जागा नाही. रुळ ओलांडताना चाक काटकोनात घ्यायचं. ओल्या रुळावर तिरकं गेलेलं २५ मिलिमीटरचं टायर खाचेत जातं आणि हँडल हातातून सुटतं.

धबधब्याच्या वरच्या पात्रात उतरू नका. जुलै २०११ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेली माणसं इथेच वाहून गेली. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि पाणी इथे येतं. आकाश निरभ्र असतानाही.

महूच्या आसपास लष्कराचे रस्ते आणि गोळीबार सरावाचे माळ आहेत. पाटी असेल तिथून परत फिरायचं, नकाशा काहीही दाखवो. छावणीत फोटोही काढू नयेत. दुसरी गोष्ट, महू-खंडवा ब्रॉडगेजसाठी पाताळपाणीच्या पुढे रेल्वेची नवी आखणी आहे आणि अशा कामाभोवती डंपरने उखडलेल्या मातीच्या वाटा तयार होतात. मोबाइलचा नकाशा त्यांनाही रस्ता समजून आत नेतो. काळ्या मातीची वाट ओली असेल तर शंभर मीटरमध्ये चिखल ब्रेकखाली दाटतो आणि चाक फिरायचं थांबतं.

सिमरोल-चोरल: सध्या नको

भूगोलाच्या दृष्टीने हा घाट उत्तम. तेजाजी नगर, सिमरोल, आयआयटी, मग भेरूघाटाचे उतार, चोरल नदी, दोन्हीकडे जंगल. पण हा इंदूर-इच्छापूर महामार्ग आहे. खंडवा, बुऱ्हाणपूरचे ट्रक इथून, ओंकारेश्वरच्या गाड्या इथून, आणि चौपदरीकरणाचं, बोगद्यांचं काम निघालं तेही इथेच. अरुंद घाटात ट्रक ट्रकला ओलांडतो तेव्हा डावीकडे सायकलला उरते ती गटाराची कड. श्रावणात आणि दर सोमवारी ओंकारेश्वरची गर्दी वेगळी.

नवी मार्गिका पूर्ण वापरात येऊन जड वाहतूक बोगद्यांतून जाऊ लागली की जुना घाट मोकळा व्हायला हवा. महामार्गाची आखणी बदलली की जुना घाट बहुधा सायकलवाल्यांच्या वाट्याला येतो. त्यामुळे हा रस्ता कायमचा बाद करू नये. एखाद्या मंगळवारी-बुधवारी सकाळी गाडीने जाऊन पाहावं: जुन्या घाटात दहा मिनिटं उभं राहून ट्रक मोजावेत. पाचापेक्षा जास्त गेले तर अजून वेळ आहे.

जवळच हवं असेल तर सिमरोलहून दतोदामार्गे महूला जाणारा आडरस्ता बरा. तो कड्याच्या अलीकडून, पठारावरूनच जातो. चढ थोडे, पण वाहनंही थोडी. इंदूर-सिमरोल-दतोदा-महू-राऊ असा फेरा केला तर एकाच रस्त्याने परत यावं लागत नाही. तिंछा धबधब्याचा फाटाही याच बाजूला, त्याला पावसाळी रविवारचा तोच नियम.

मांडव: दोन दिवस असतील तर

इंदूरहून थेट सायकलने मांडवला जाण्याची शिफारस आम्ही करत नाही. शंभर किलोमीटरपैकी बरंच अंतर पिथमपूर, घाटाबिल्लोद असं कारखान्यांच्या ट्रकमधून जातं, आणि त्यातून काही मिळत नाही. सायकल गाडीत टाकून धारला जावं. धार ते मांडव ३५ किलोमीटर, नालछामार्गे. सकाळी लवकर निघालात तर रस्ता मोकळा असतो.

मांडवची उंची ६३३ मीटर, धारपेक्षा फार जास्त नाही. म्हणून हा एक मोठा चढ नसून लाटांसारखा चढउतार आहे. शेवटी काकडा खोहची दरी ओलांडून रस्ता दरवाज्यांतून किल्ल्यात शिरतो. हे दरवाजे अरुंद आहेत आणि समोरून बस आली तर ती थांबत नाही, सायकलने थांबायचं.

या रस्त्याची खरी कमाई किल्ल्याच्या आत आहे. गावातून सागर तलावावरून रूपमती मंडपाकडे जाणारा रस्ता कड्याशी संपतो. सूर्योदयाच्या वेळी तिथे गोरखचिंचेची जाडजूड झाडं, भिल्लांची वस्ती आणि मोकळं डांबर एवढंच असतं. मंडपावरून हवा स्वच्छ असेल तर नर्मदा दिसते. आत मुक्काम करून हा रस्ता सकाळी दोनदा-तीनदा करावा आणि दहाच्या आत धारची वाट धरावी. ऑगस्टमधल्या सुट्ट्यांना मांडवमध्ये गाड्यांची रांग लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला मधला वार याला तोड नाही.

सोबत काय, आणि का

रस्त्यांच्या कडेला बाभूळ आणि गोखरू दोन्ही आहेत. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोखरू वाळतो आणि सर्वांत जास्त पंक्चर तेव्हा होतात. दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर आणि हातपंप प्रत्येकाकडे हवा. गटात एक पुरेसा होत नाही. मानपूर किंवा महूत पंक्चरवाला मिळतो, पण त्याच्या पंपाचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं आणि ७०० आकाराची ट्यूब त्याच्याकडे नसते. बारीक व्हॉल्व्हसाठी पितळी अडॅप्टर पन्नास-शंभराच्या आत येतो, तो खिशात ठेवावा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. काटा आतच राहिला तर दुसरी ट्यूब पाच मिनिटांत जाते.

टायर २८ मिलिमीटरचं घ्या, बसत असेल तर ३२. पंचाहत्तर किलोच्या माणसाला २८ मध्ये मागे ७५-८० आणि पुढे ७० पीएसआय हवेचा दाब, ३२ मध्ये साठ-पासष्ट. ओल्या रस्त्याला पाच कमी.

पाणी तासाला पाऊण लिटर, उन्हाळ्यात एक लिटर, आणि दोनपैकी एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. दोन तासांपेक्षा जास्त चालवणार असाल तर तासाला एक-दोन केळी किंवा तितकीच चिक्की. भूक लागेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. शेव घातलेले पोहे निघण्याआधी चालतात, चढाच्या तोंडाशी नाही. घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून घरी सांगताना फक्त गावाचं नाव न सांगता कुठल्या घाटात आणि किती वाजेपर्यंत ते सांगा. अॅम्ब्युलन्सचा नंबर १०८.

वाऱ्याचाही विचार करा. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून असतो आणि महू इंदूरच्या नैऋत्येलाच आहे: जाताना समोर, परतताना पाठीला. हिवाळ्यात उलट. ईशान्येचा गार वारा परतीच्या तीस-चाळीस किलोमीटरला नेमका तोंडावर येतो, आणि सपाट दिसणारा राऊ-इंदूर टप्पा घाटापेक्षा लांब वाटतो. त्या दिवसांत ताकद तेवढी राखून निघा.

जामगेट खाली उतरावं की नाही याचा निर्णय जानापाववर घेता येतो. फाट्यापासून देवळापर्यंतचा चढ लागोपाठ दोनदा चढा, मध्ये फक्त उतरण्यापुरती विश्रांती, आणि दोन्ही वेळा घड्याळ लावा. दुसऱ्या वेळेला पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वेळ लागला, किंवा मध्ये पाय टेकावा लागला, तर महिनाभर जानापावच करा आणि जामगेटला दरवाज्यापर्यंत जाऊन परत या. दोन्ही वेळा सारख्याच आल्या तर ब्रेक शू पाहा, बाटल्या भरा, आणि एखाद्या बुधवारी सकाळी सातला दरवाज्यात असा.